थोरल्याची सुई

दत्तू नवी सुई न घेताच निघाला. विचारलं तर म्हणाला, "बापूदाची हाय की."

सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या सेंटरवर मी काउन्सेलर आहे. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी वापरलेल्या सुया आणायच्या, आम्ही नव्या फुकट द्यायच्या. एकाच्या सुईतून दुसऱ्याला एचआयव्ही होऊ नये, एवढ्यासाठी. बापू आणि दत्तू हळदीची पोती उचलणारे हमाल. नात्याचे नव्हेत, पण झोपायचे एकाच गोडाऊनच्या ओट्यावर. त्यांच्यात रीत होती: आधी थोरल्यानं टोचायचं, मग त्याच सुईनं धाकट्यानं. वेगळी सुई मागणं म्हणजे थोरल्याचा अपमान.

आणि थोरला पॉझिटिव्ह होता. दत्तू तोवर निगेटिव्ह.

दत्तूला सांगू का, असं मी मॅनेजरना पूर्वीच विचारलं होतं.

"बापूच्या परवानगीशिवाय नाही. त्याच्याशी बोललात?"

"हो," म्हणालो.

बोललो नव्हतो. रिपोर्ट दिला तेव्हा बापू रडला. मी गोळ्यांचं समजावलं, सुईचा विषय टाळला. नंतर काढला तर तो यायचाच बंद होईल, ही भीती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मात्र दत्तूच्या पाठोपाठ यार्डात गेलो, बापूला बाजूला घेऊन सुईबद्दल स्पष्ट बोललो.

"आवं, मग आदी का न्हाई बोलला?" त्यानं विचारलं.

"संध्याकाळी दत्तूला घेऊन सेंटरवर या," एवढंच म्हणालो.

संध्याकाळी दोघं सेंटरवर आले. बापूनं आपली सुई वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली आणि दत्तूच्या हातात नवी दिली. दत्तू तापला.

"आमी परकं झालो व्हय, दादा?"

"परका असतास तर माजीच दिली असती," बापू म्हणाला. मग रिपोर्टचं त्यानं स्वतःच सांगून टाकलं.

थोड्या वेळानं दत्तू मला म्हणाला, "च्या तरी एका कपात चालंल न्हवं?" चालेल, म्हटलं; चहानं काही होत नाही.

संसर्ग तपासणीत दिसायला काही आठवडे जातात. तेवढे थांबून दत्तूची पुन्हा तपासणी केली. निगेटिव्ह. आता दोघं रोज सकाळी नशेऐवजी सेंटरवर मिळणारी, तलफ शमवणारी जिभेखाली ठेवायची गोळी घेतात आणि कामाला जातात. यार्डातल्या इतरांनीही सुया वेगळ्या केल्या. माझ्या लेक्चरनं नव्हे, बापूच्या धाकानं.

दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम मला पाठ होता. खुद्द बापूशी बोलायला कुठलाच नियम आडवा आला नव्हता. ज्याचा रिपोर्ट त्याच्याशी सुईचं लगेच बोला, हे नव्या काउन्सेलरना हल्ली आधी शिकवतो.