तबकडीची मागची बाजू

ऐंशीच्या दशकात येरवड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये इंग्रजी गाणी कळणारी मी एकटीच होते. म्हणजे असं मीच सगळ्यांना सांगत असे. आधार एवढाच, की जुन्या बाजारातून आणलेली एक छोटी तबकडी माझ्याकडे होती. तिच्या पुढच्या बाजूला एक पुरुष खर्जातल्या आवाजात रडायचा. शब्द एक कळत नसे. दुःख मात्र मला सगळं कळायचं. खिडकी उघडी टाकून मी ते गाणं रोज लावायचे आणि शेजारणींना समजावायचे, "दाढी असणार त्याला. बायको सोडून गेलीय." मागच्या बाजूला नुसतं भरतीचं गाणं असतं, हेही मीच जाहीर केलेलं. अर्थातच न ऐकता.

परवा आमच्या आताच्या धायरीच्या घरी नातीने नवा रेकॉर्डप्लेअर आणला. आपल्या मैत्रिणी जमवल्या, प्रमुख पाहुणी मी. दाढीवाल्याच्या दुःखावर मी छान बोलले. मग नातीने तबकडी लावली, आणि आतून एका पोरीचा आवाज किणकिणत, नाचत बाहेर आला!

"आजी, दाढी कुठंय?"

छोट्या तबकड्या जास्त वेगाने फिरवायच्या असतात म्हणे. आमचं यंत्र माहेरून आलेलं, नाट्यगीतांच्या मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या तबकड्यांचं. त्याचा वेग बदलायचं मला कधी सुचलंच नाही. एका नाचऱ्या पोरीला मी वर्षानुवर्षं सुतकात बसवलं होतं.

मैत्रिणी ओठ दाबून बसल्या. पेपरामागून आमचे हे म्हणाले, "चालू द्या व्याख्यान."

अब्रू जायची वेळ. मी ताठ बसून म्हटलं, "पुढची बाजू बाजारासाठी असते गं. जाणकार मागचीच ऐकतात. उलटव ती तबकडी."

तिकडे काय आहे ते मला तरी कुठे ठाऊक होतं! सुई टेकली, आणि खरोखरच एक पुरुष गायला लागला. खर्जात, अगदी रडवेला. त्याच बँडमधला कुणीतरी.

"अय्या आजी, हाच ना तुमचा?"

"हाच," मी डोळे मिटून म्हटलं. मी त्या पोरीला दाढी चिकटवत होते, आणि दाढीवाला तिच्या पाठीमागे माझी वाट बघत बसला होता.

गाणं संपल्यावर ह्यांनी तबकडी उचलून उजेडात धरली. "पुढे रेघोट्याच रेघोट्या, आणि मागची बाजू आरशासारखी. ही आपण कधी ऐकत होतात, बाईसाहेब?"

"जपून ऐकायचे," मी म्हटलं. "लावा ती परत. बायको का सोडून गेली ते नीट ऐकायचं राहिलंय."