एकाच दिवशी आलेले ईस्टर

इदा गेन्रिखोव्नाची आई लुथरन, नवरा ऑर्थोडॉक्स आणि धाकटी बहीण बाप्तिस्त. आई आणि नवरा देवाघरी गेले, बहीण जर्मनीला. तिन्ही चर्चं मात्र इदामावशीच्या गळ्यात राहिली. करागंदा शहराजवळच्या आमच्या खाणवस्तीत खालच्या पट्टीत गाणारी तीच एक बाई. त्यामुळे तिन्हीकडे गाणं तिचं आणि निरोपही तिचेच. बाप्तिस्तांची शिडी हवी असली की ऑर्थोडॉक्स चर्चचे फादर विकेंती इदामावशीला सांगत. शिडी मोडून परत आली की बाप्तिस्तांचे पुढारी येफिम दाविदोविच इदामावशीवर चिडत.

एरवी ऑर्थोडॉक्स ईस्टर वेगळ्या दिवशी येई, तेव्हा तिची धावपळ कशीबशी निभे. लुथरन आणि बाप्तिस्तांचा ईस्टर एकाच दिवशी, पण मावशीसाठी लुथरन सकाळी आणि बाप्तिस्त दुपारी गात. या वर्षी तिघांचाही ईस्टर एकाच रविवारी आला. "एकी झाली!" म्हणत सगळे आनंदले आणि मग प्रत्येकाने उपासना सकाळी दहाला ठेवली.

"इदे, आम्ही चार म्हाताऱ्या. तू नसलीस तर नुसत्या खोकत बसू," लुथरन चर्चमधली ओत्तिलिया म्हणाली.

"भगिनी इदा, यंदा दुपारी नाही हं," येफिम दाविदोविचनी बजावलं.

फादर तर हसतच म्हणाले, "मावशी, स्तेपान वरून बघतोय बरं!" स्तेपान म्हणजे तिचा नवरा.

आठवडाभर मावशी एका जागी टेकली नाही. कणीक मळता मळता अंगणात जाई, परत येई, अंडी रंगवायची सोडून चूल पुसे. मला म्हणाली, "एकाकडे गेले तर दोघे म्हणतील, आमची नव्हतीच ती. इतकी वर्षं पाय झिजवले ते कोणाची तरी होण्यासाठी, की कोणाचीच न होण्यासाठी?" मी फादरना गाडीतून आणणारा साधा माणूस. एक अंडं उचललं, तर हातावर फटका बसला.

रविवारी ती डोक्याला रुमाल बांधून निघाली. चौकात चिखलात थांबली. तीन पावलं इकडे, दोन तिकडे. मग सरळ घरी परतली आणि चुलीत कोळसा घातला.

उपासना संपल्यावर मी फादरना घेऊन तिच्याकडे गेलो. दारातच ते ईस्टरच्या रीतीने म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे! काय मावशी, बाप्तिस्तांकडे छान गायलीस म्हणे?"

"खरोखर उठला आहे," मावशी पुटपुटली. तेवढ्यात मागून येफिम दाविदोविच आले. "बघा, फादर इथेच! मला वाटलंच होतं, यांच्याकडे गेली असणार."

"मी कुठेच गेले नाही," मावशी म्हणाली. "घरी बसून पाव भाजला. आता रागवा."

दोघेही रागवायला तोंड उघडून उभे राहिले, पण कशाबद्दल ते दोघांनाही सुचेना. मग बसले. मावशीने पाव कापला, मटणाचा रस्सा वाढला.

"मावशी, यांना सांग, मीठ इकडे सरकवा म्हणावं," फादर म्हणाले.

"भगिनी, त्यांना सांगा, मीठ त्यांच्याच कोपराशी आहे."

मावशीने पळी खाली ठेवली. एका ताटलीत पाव, अंडी आणि रस्स्याची वाटी ठेवून तिने वर फडकं टाकलं. "ओत्तिलियाचे गुडघे धरलेत. तिला देऊन येते," म्हणत ती निघूनही गेली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने तोंडात अख्खं अंडं कोंबलं.

येफिम दाविदोविचनी खाकरून विचारलं, "तुमच्याकडे आज गाणं कसं झालं?"

फादरनी चमचा ठेवला. "फार वाईट."

"आमचंही!" येफिम दाविदोविच इतक्या आनंदाने म्हणाले, की फादरनी त्यांच्या वाटीत आणखी रस्सा वाढला.