फिल्टर सोडून सगळं

पंपावर डिझेलचा वास आला की मला हरसूलचा चढ आठवतो. साडूची आणि माझी गाडी सारखीच, रंगही तोच, दोन्ही एकाच दसऱ्याला घेतलेल्या. त्याची लिटरला बावीस द्यायची, माझी पंधरावर रडायची, आणि हे तो प्रत्येक जेवणावळीत ऐकवायचा. त्या दिवशी आम्ही दोन गाड्यांतून हरसूलला लग्नाला निघालो होतो. त्याची चढावर सुसाट गेली. माझी काळा धूर ओकत, धापा टाकत मागे राहिली. "दाजींची बघा कशी पळते," बायको म्हणाली. मांडवात सगळ्यांसमोर तो हसत म्हणाला, "साडूभाऊ, एअर फिल्टर बदला. दुसरं काही नाही." झालं! त्यानंतर मी प्रत्येक गॅरेजात बजावलं, "फिल्टर सोडून सगळं बघा." इंजेक्टर साफ झाले, पाइप बदलले, धूर तसाच. शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने माझं न ऐकता फिल्टर उपसला आणि टायरवर आपटला. काळ्या धुळीचा लोट थेट माझ्या शर्टावर. "कुणी सांगितलं नव्हतं का हो तुम्हाला?" मिस्त्रीने विचारलं. बायको शेजारीच उभी होती. "नाही," मी म्हणालो. आता माझी बावीस देते. आज पंपावरच साडूचा फोन आला. त्याची हल्ली धूर सोडते, अ‍ॅव्हरेजही पडलंय. "तुमची कशी सुधारली हो?" त्याने विचारलं. "इंजेक्टर साफ केले." "कुठे?" गाडीत बसलेली बायको माझ्याकडे बघत राहिली, आणि मी त्याला त्या म्हाताऱ्या मिस्त्रीचा पत्ता सांगितला.