सावित्रीबाईंचा चिकट भात

मारुंजीच्या सावित्रीबाईंनी चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चौदा वर्षं भात शिजवला. एका शिफ्टला सहाशे ताटं. भात कसा, तर शीत न् शीत वेगळं. जरा आसट झाला की रांगेतून कुणीतरी ओरडायचंच, "काकू, आज पोस्टर चिकटवायची खळ केली का काय राव?" सावित्रीबाईही झारा उगारून म्हणायच्या, "व्हय, तुज्या तोंडाला लावाय केलीया!" पण आतून त्यांना लागायचं. दुसऱ्या दिवशी भाताला उकळी फुटली रे फुटली, की फडकं बांधून पातेलं कलतं करायचं आणि पेज काढून टाकायची. हात आपोआप चालायचे.

मग कॅन्टीनचा ठेका बदलला आणि नवा ठेकेदार आपली माणसं घेऊन आला. पाच महिने सावित्रीबाई घरी बसल्या. त्या पाच महिन्यांत त्यांनी नवऱ्याला, भिवाला, इतकं सुनावलं की तो कंपनीच्या बसवर डबल ड्युटी मागून घेऊ लागला. अशात जुन्या कॅन्टीनचा सुपरवायझर सार्थक भेटला. तो आता वाकडला एका जपानी हॉटेलचा मॅनेजर झाला होता. ओसाकाकडची ही हॉटेलांची साखळी बँकॉक, जकार्ता करत करत इकडे आली होती. पहिली शाखा वाकडला, मग चाकणला, मग कुठे कुठे.

"बेसिकली काकू," सार्थक म्हणाला, "त्यांचा भात हाच त्यांचा ब्रँड आहे. कुकर नाही, मशीन नाही. जाड बुडाचं पातेलं आणि माणसाचा हात. आणि भात पाहिजे चिकट."

"आँ? चिकट?"

"एकदम चिकट."

"म्हंजी चौदा वर्सं ज्याच्यापायी शिव्या खाल्ल्या, त्याचाच पगार देनार म्हन!"

तीन महिने त्या शिकल्या. तांदूळ जपानहून यायचा. चार पाण्यांत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, मोजून पाणी घालायचं आणि झाकण अजिबात उचलायचं नाही. पेज तर काढायचीच नाही, ती भातातच मुरवायची. अखेर ओसाकाहून साखळीचे मोठे साहेब, ओकुमुरा-सान, तपासणीला यायचे ठरले. त्यांनी भात पास केला तर सोमवारी हॉटेल उघडणार आणि सावित्रीबाई कायम. नापास केला तर मुंबईहून आचारी येणार आणि सावित्रीबाई पुन्हा मारुंजीच्या ओट्यावर. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

ओकुमुरा-सान बाराला येणार होते. दहाला पातेलं चढलं. सरावात तांदूळ संपत आला होता, उरलेला सगळा त्यात गेला. पुढची पोती अजून जहाजावर होती. तेवढ्यात भिवाचा फोन आला.

"अगं, गॅसवाला आलाय. पुस्तक कुठं ठिवलंय?"

"फडताळात, मिसरीच्या डब्यामागं."

"न्हाई दिसत."

"डोळं उगडून बगा की जरा!" कान आणि खांद्यामध्ये फोन धरून सावित्रीबाईंनी झाकण उचललं, फडकं बांधलं, पातेलं कलतं केलं. पांढरीशुभ्र पेज बेसिनमधून घळाघळा गेली. निम्मी गेल्यावर त्यांचे डोळे विस्फारले. भात मोकळा झाला होता. कॅन्टीनसारखा, शीत न् शीत वेगळं.

"आवो," त्या फोनवर कुजबुजल्या, "गॅसवाल्याला हाकला. कनगीतला इंद्रायणी घ्या पाच किलो. यंदाचा नवा, जुना न्हाई. आन् उडत या."

भिवा स्कूटरवरून आला तेव्हा हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. मावळचा तांदूळ. शिजताना स्वयंपाकघरभर वास सुटला. नवा तांदूळ पाणी कमी पितो म्हणून सावित्रीबाईंनी वाटीभर पाणी कमी घातलं. मापाचा कागद भिंतीवरच राहिला.

सार्थकला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "काकू, काही बोलायचं नाही. पांढरा आहे, चिकट आहे. ॲक्चुअली त्यांना काय कळणारे?"

बाराला ओकुमुरा-सान आले. सोबत दुभाषी मिनल, आकुर्डीची. ही मुलगी इतकी इमानदार की साहेबांनी दातांतून 'स्स्स्' असा श्वास ओढला की आपणही 'स्स्स्' करून मगच मराठीत बोलायची. साहेबांनी घास घेतला. डोळे मिटले. स्स्स्.

"स्स्स्," मिनल म्हणाली. "ते विचारतात, हा तांदूळ किती वेळ भिजवला?"

सार्थक मागून डोळे मोठे करत होता. अर्धा तास म्हटलं की सुटका होती. सावित्रीबाईंनी पदराला हात पुसले.

"ताई, त्यांना सांग, ह्यो त्यांचा तांदूळ न्हवं. त्यांचा म्या नासवला. फोनवर बोलता बोलता सवयीनं पेज काढली. ह्यो आमच्याकडचा हाय. खोटं बोलून भात कसा खाऊ घालू?"

मिनलने सांगितलं. ओकुमुरा-सानांनी कच्चे दाणे मागवले, तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला. पुन्हा भाताचा घास. पुन्हा एक. तिसऱ्या घासाला मिनल नुसती बघत राहिली, कारण ते बोलतच नव्हते, जेवत होते.

"ते म्हणतात," ती अखेर म्हणाली, "सुशीसाठी हा चालणार नाही. वास फार आहे, माशावर कुरघोडी करेल. पण मोठ्या वाडग्यात कालवणाखाली जो भात देतात ना, त्याला हा चालेल. बँकॉकला त्यांना असा स्थानिक तांदूळ शोधायला दोन वर्षं लागली होती."

"आन् मी?" सावित्रीबाईंनी मधेच विचारलं.

स्स्स्. स्स्स्. "ते म्हणतात, सोमवारी सुशी नाही, फक्त वाडगे. पोती आली की सुशीचा भात पुन्हा त्यांच्यासमोर करायचा, आणि तेव्हा तुमचा फोन त्यांच्या खिशात राहील. तुम्ही कायम."

"पण सुशीशिवाय जपानी हॉटेल!" सार्थक कळवळला. ओकुमुरा-सानांनी त्याच्याकडे बघितलं आणि वाडगं पुढे केलं. आणखी.

भिवा बाहेर हेल्मेट घालूनच उभा होता. "काय झालं?"

"ऱ्हायले," सावित्रीबाई म्हणाल्या, आणि टपरीवर जाऊन त्यांनी सकाळपासूनचा पहिला चहा घेतला. मग लागलीच दुसरा. तिसरा भिवाचा उचलला.

घरी जाताना भूमकर चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी. मागून ट्रक कोकलत होता, रिक्षावाला एका टेम्पोच्या खानदानाचा उद्धार करत होता. भिवाच्या पाठीवर काहीतरी जड येऊन टेकलं. त्याने आरशात बघितलं. सावित्रीबाईंना चक्क झोप लागली होती. सिग्नल सुटला तरी तो गाडी हळूच चालवत राहिला.