ठराव झाला तेव्हा ती कोकणात होती

आमच्या डोंगरावर आता गवत आहे. गुडघाभर, कुठं कुठं कमरेएवढं. बाहेरगावची माणसं गाडी करून बघायला येतात, चरांवर उभी राहून फोटो काढतात, आणि गाववाले पाण्याच्या समितीतली जुनी बाई म्हणून मला पुढं करतात. मी सांगते सगळं. दोन काठ्यांना पाण्याची नळी बांधून उताराची पातळी कशी काढली, चर कसे खणले, कुठला दगडी बांध फुटला आणि परत कसा रचला. विहिरींना आता उन्हाळ्यातही पाणी असतं म्हणते, आणि ते खरंच असतं. एक मात्र कुणी विचारत नाही, की या डोंगरावर मेंढरं का दिसत नाहीत.

आमचं घर मुळात मेंढरांचं. सासऱ्यांच्या मागं दोघा भावांनी वाटणी केली. माझ्या मालकांनी जमीन धरली, धाकट्या दिरानं मेंढरं. म्हणजे मी घरात आणि माझी जाऊ वाटेवर. दिवाळी झाली की ती दोघं कळप घेऊन निघायची, इस्लामपूरकडच्या उसाच्या पट्ट्यातून पुढं घाट उतरून कोकणात. मृगाच्या तोंडाला माघारी. मग पावसाळ्याचे चार महिने मेंढरं आमच्या डोंगरावर चरायची आणि सांजेला घरामागं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, बसायची.

ते चार महिने माझे होते. लेकी नांदायला गेलेल्या, मालक कमी बोलणारे, आणि मी ही अशी बोलकी. जाऊ आली की घराला तोंड फुटायचं. छपराखाली तिला कोंडल्यागत व्हायचं, म्हणून उंबऱ्यात बसून भाकरी थापायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. मी म्हणायची, "अगं आत सरक की, भिजतीस." तर म्हणायची, "आक्का, तुमचं छप्पर गळतंय, माजं आभाळ गळतंय. फरक काय पडला?"

कधी मला डोंगरावर न्यायची आणि पायाच्या अंगठ्यानं गवतं दाखवायची. हा पवन्या, ही मारवेल, हे मेंढरू आधी खातं, ह्याला तोंड लावत नाही. मला आपलं सगळं हिरवंच दिसायचं. "माणसांची तोंडं वळखतासा न्हवं? मग त्यात काय," म्हणायची.

गावात पाण्याचं काम निघालं तेव्हा समितीत बायका हव्या होत्या. मी बोलकी, म्हणून मला घेतलं. चर झाले, बांध झाले, गवताचं बी पेरलं. आणि जानेवारीतल्या ग्रामसभेत चराईबंदीचा विषय आला. डोंगर बंद केल्याशिवाय बी टिकणार नव्हतं, हे खरंच होतं. सरपंच म्हणाले, "काकी, मेंढरं तुमच्याच घरातली. तुमीच बोला."

सगळी सभा माझ्याकडं वळली. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. एरवी काहीही उजाड झालं की गाव मेंढरवाल्यांकडं बोट करायचं, आणि आज त्याच घरातल्या बाईला विचारत होतं. मी उठले आणि म्हणाले, "ते माजंच घर हाय. त्यास्नी मी सांगती. घाला बंदी." टाळ्या पडल्या. अंगठा न लावता सही केली, त्याचंही कौतुक झालं.

ती तेव्हा कोकणात कुठंतरी कळपामागं चालत असेल. तिच्याकडं फोन नव्हता. असता तरी मी केला असता का, ते आज मला सांगता येत नाही.

मृगाला ती आली. माणसांच्या आधी मेंढरंच डोंगराकडं पळाली, त्यांना वाट पाठ होती. पायथ्याला समितीचा राखणदार आडवा झाला. दीर घरापाशी येऊन उभे राहिले, घोड्यावरचं ओझंसुद्धा उतरवलं नाही. जाऊ उंबऱ्यात टेकली.

"कुणी ठरवलं?"

"गावानं."

"गावात तुमी हायसा की."

मी म्हणाले, थोड्या वर्षांचा प्रश्न आहे, गवत आलं की तुमचंच आहे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आक्का, गवताला तोंड लागलं न्हाई की ते म्हातारं हुतं. कुसळ माजतं. आमाला इचारलं असतं, तर सांगितलं असतं, अर्धा झाका, अर्धा चारा."

"आता ठराव झालाय," मी म्हणाले.

"बरं," एवढंच म्हणाली. चार दिवस बांधाबांधानं मेंढरं चारली. वडूजच्या पलीकडं एका गावचं गायरान मोकळं आहे असं कळलं, आणि पाचव्या दिवशी तिकडं गेली. तेव्हापासून पावसाळाही तिकडंच.

ती भांडली नाही, हेच लय वाईट झालं. भांडली असती तर मीही तोंड वाजवलं असतं, आणि मग दोघींनी बसून चहा घेतला असता. आता लग्नकार्यात भेटते. तब्येत विचारते, लेकींचं विचारते, पाव्हणी बाई बोलते तसं गोड बोलते.

सांजेला कोकरं सोडली की आया आणि पिलं एकमेकांना हाका मारत धावायची. शेकड्यातून आपली नेमकी आई सापडेपर्यंत तो गलका चालायचा. पावसाळ्यात त्या वेळेला मी अजून बोलता बोलता थांबते. मालक म्हणतात, "काय झालं?" मी म्हणते, काही नाही.

तिचं म्हणणं खरं झालं. सुरुवातीला डोंगर बघून डोळे निवायचे. पुढं जुनं वाळलेलं गवत तसंच उभं राहायला लागलं, त्यात नवं फुटेना, कुसळ वाढलं. एका फाल्गुनात कुणाची तरी विडी पडली असेल, डोंगराची एक बाजू पेटली. आम्ही निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवली, पण लावलेली झाडं गेली. मग गवतातले जाणकार म्हणून एक साहेब आले. डोंगर फिरले आणि म्हणाले, पाळीपाळीनं थोडी चराई हवी. समितीनं माना डोलवल्या. मी खाली बघत बसले.

यंदा मात्र मी सभेत भांडले. डोंगराचे तीन भाग करा, दरसाल एक उघडा, आणि आधी आपल्या गावची मेंढरं घ्या. उगवतीचं अंग यंदा उघडायचं ठरलं. घरी येऊन पदरानं घामसुद्धा न पुसता मी फोन लावला. आता तिच्याकडं फोन आहे.

"अगं, डोंगर उघडला. मृगाला या. उगवतीचं अंग तुमचं."

पलीकडं मेंढरं ओरडत होती. ती म्हणाली, "कुणी ठरवलं?"

"तुमच्यासाठीच की गं."

"व्हय. झाकला तवा बी आमच्यासाठीच झाकलावता." आवाज शांत होता. "आक्का, उगवतीला पाणी कुठाय? दुपारी मेंढरं पाण्यावर कुठनं न्यायची? कुणाच्या रानातनं?"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं पाण्याचं काम केलं, सगळं पाणी मावळतीच्या अंगाला अडवलं आम्हीच, आणि मेंढरालाही तहान लागते हे सभेत एकाच्याही मनात आलं नाही.

"मग तू सांग, कसं करायचं."

"फोनवर डोंगर दिसतो व्हय?" म्हणाली, आणि मेंढरू उसात शिरलं म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सरपंचांकडं गेले. म्हटलं, ठराव बदला.

"काकी, तुमीच भांडून करून घेतलासा."

"व्हय. चुकलं माजं."

ते हसले. मृगापर्यंत थांबायला तयार झाले. कुठलं अंग, ते अजून लिहायचं नाही. मी परत फोन केला आणि तिला सांगितलं, तू बघून सांगशील तसं होईल.

"मेंढरं न्हाई आणणार. मी एकटीच येती, यष्टीनं. एका दिसापुरती."

"ये."

"बघून मग आमचं आमी ठरवू. यायचं का न्हाई ते."

"ठरवा. कवा येतीस?"

"कोकरं जरा दमाची झाली की."

वैशाख अर्धा सरला. दिवस कुठला, ते मी परत विचारलं नाही, माझ्याकडनं घाई नको. आमच्या फाट्यावर सकाळी दहाला यष्टी येते. मी जाऊन उभी राहते. कंडक्टर दार उघडून विचारतो, "आजी, कुठं जायचं?"

मी म्हणते, कुठं नाही बाबा. माणसं उतरू दे आधी.