भाऊजींचं न्हाणीघर

जी वस्तू धड चालू आहे ती दुरुस्त करण्याच्या कामी आमच्या भाऊजींचा हात सगळ्या वाशीम तालुक्यात कुणी धरला नसता. मोडलेल्या वस्तूचं त्यांना फारसं आकर्षण नव्हतं. मोडलेली वस्तू बिचारी आपली आपण मोडलेली असते, तिला माणूस आणखी काय करणार? पण दार नीट लागतंय, खिडकी नीट उघडतेय, फळी जिथल्या तिथे आहे असं दिसलं की भाऊजी जवळ जात, मान तिरपी करून बघत, दोन टिचक्या मारत आणि मला म्हणत, "मास्तर, हे आज ना उद्या दगा देनार हाय." त्यांचं हे भाकीत कधीच चुकलं नाही, कारण त्याच दिवशी ते त्या वस्तूला हात घालत.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकूताईचे यजमान. मेडशीला गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. शकूताई लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विषमज्वराने गेली. मूलबाळ नव्हतं. असं झालं की जावई हळूहळू सासुरवाडी विसरतो, वर्षभरात दुसरीकडे बोहल्यावर उभा राहतो आणि पुढे बाजारात गाठ पडलीच तर लांबून रामराम. भाऊजींनी लग्न केलं नाही आणि आम्हाला विसरलेही नाहीत. दिवसकार्य आटोपून गेले ते पुढच्याच रविवारी सकाळच्या मोटारीने वाशीमला हजर. खांद्यावर दवाखान्याची जुनी खाकी पिशवी होती. मला वाटलं, आत औषधं असतील. निघाली हातोडी, करवत, रंधा आणि वाकड्या खिळ्यांचा एक डबा. घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो हातात घेऊन भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले, "मामी, मागच्या खेपेले पाह्यलं मी. तुमचं पुढचं दार खाली घासून राह्यलं." सासूला ते मामी म्हणत.

दार घासत होतं हे खरं. माझ्या जन्माच्या आधीपासून घासत होतं, आणि त्या आवाजाने कोण आलं ते आईला चुलीपाशी बसून कळत असे. भाऊजींनी दार उतरवलं आणि रंधा चालवायला सुरुवात केली. संध्याकाळी दार पुन्हा लागलं तेव्हा खालून शेजारची मांजर सरळ चालत आत आली, वाकलीसुद्धा नाही. पुढच्या रविवारी भाऊजींनी दाराच्या बुडाला पट्टी ठोकली. आता मांजर येईना, पण दारही उघडेना. दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या शाळेचे हेडमास्तर आईची विचारपूस करायला आले. मी आतून, ते बाहेरून, असं आम्ही बराच वेळ फटीतून हवापाण्याबद्दल बोललो आणि मग मी त्यांना वळसा घालून गोठ्यातून घरात आणलं. शेणात माखलेला पाय धुताना ते फक्त एवढंच म्हणाले, "मास्तर, दुरुस्ती काढली वाटतं."

आठवडाभर पोरांपुढे घसा फोडावा, रविवारी जरा अंग टाकावं, तर स्टँडवर मोटारीचा भोंगा वाजे आणि मी उठून सदऱ्याच्या बाह्या वर सारी. कारण भाऊजींच्या कामात माझी नेमणूक ठरलेली होती. "धरा मास्तर," एवढा एकच हुकूम. त्या काळात मी काय काय धरलं याला गणती नाही. शिडी धरली, फळीचं टोक धरलं, ओळंब्याची दोरी धरली, हातोडी डोक्यावर उगारलेली असताना खिळासुद्धा धरला, आणि सगळ्यात जास्त वेळ जीभ धरली. छपरावरचं एक फुटकं कवेलू बदलायला ते वर चढले की त्यांच्या गुडघ्याखाली आणखी चार फुटत. आईची बाज त्यांनी नव्या सुतळीने विणली, ती उशाकडे अशी ताणून की आई निजायची उशीवर आणि सकाळी सापडायची पायथ्याशी, गोळा होऊन. "झोप बरी लागली का मामी?" असं भाऊजींनी विचारलं तर आई म्हणे, "लई बरी बापू. अंग कसं मोकळं झालं." मी कपाळावर हात मारून घेत असे.

गल्लीत या सगळ्याचा आनंद एकाच माणसाला होता. पलीकडे राहणारे सुतार रहीमचाचा. रविवारी भाऊजींनी केलेलं सोमवारी निस्तरायला त्यांनाच बोलवावं लागे. ते दाराची पट्टी उखडत मला म्हणत, "अल्ला तुमच्या जवायाले लंबी उमर देवो, मास्तर. सुतार पाह्यले मी लई, पन असा गिऱ्हाईक आननारा नाही पाह्यला."

गंमत अशी की हाच माणूस गुरांपाशी कुणी वेगळाच असे. आमच्या गाईचं शिंग एकदा मोडलं, रक्त थांबेना, ती कुणाला जवळ येऊ देईना. भाऊजी तिच्या मानेवर हात ठेवून नुसते उभे राहिले. गाय शांत झाली. मग त्यांनी अशी सफाईने पट्टी बांधली की बघत राहावं. मी न राहवून विचारलं, "भाऊजी, हे एवढं जमतं, मग ते लाकूडकाम काहून करता?" ते हात धूत म्हणाले, "जनावर सांगते मास्तर, कुठं दुखते ते. लाकूड काही बोलत नाही ना. अंदाजानं करा लागते." एवढं सांगून ते लगेच गोठ्याच्या खांबाकडे मान तिरपी करून बघायला लागले, आणि मी त्यांना चहाला आत ओढत नेलं.

पुढे हिवाळ्यात आई परसातल्या उघड्या न्हाणीच्या दगडावरून घसरली. गुडघा सुजला. भाऊजींनी शेक दिला, पट्टी बांधली, आणि उठता उठता जाहीर केलं, "मामी, आता स्वयंपाकघराले लागूनच पक्कं न्हाणीघर बांधतो. तुमाले उंबऱ्याबाहेर पाय टाकाचं काम नाही." मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "बांधा बापू."

कुठलाही मिस्त्री आधी न्हाणीघर बांधील आणि मग त्यात जायला दार फोडील. भाऊजींनी आधी दार फोडलं. त्यामुळे थंडीभर आमचं स्वयंपाकघर थेट परसात उघडत होतं. चूल वाऱ्याने धड पेटेना, आणि एकदा शेजारची बकरी आत येऊन मळलेलं पीठ परातीसकट घेऊन जायच्या बेतात होती. रविवारमागून रविवार भिंत चढत होती. मी माती तुडवत होतो, विटा देत होतो, कंबर धरत होतो. भिंत जरा बाहेर झुकल्यासारखी दिसते, असं मी एकदा म्हटलं. भाऊजींनी एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "भिंत सरयच हाय मास्तर. तुमी वाकले." त्या दिवसांत मी खरोखरच वाकलो होतो, त्यामुळे पुढची वीट दिली.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, न्हाणीघर तयार झालं. पहिलं न्हाणं आईचं. भाऊजींनी स्वतः पाणी तापवून आत नेऊन ठेवलं आणि बाहेर हात मागे बांधून उभे राहिले. लग्नात मुलीकडचा माणूस जेवणाच्या पंगतीकडे बघत उभा असतो ना, तसे. आतून पाणी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ते पाणी उंबऱ्याखालून स्वयंपाकघरात आलं. फरशीचा उतार मोरीकडे असायचा तो चुलीकडे होता. सणाच्या पोळ्या अर्ध्या व्हायच्या होत्या, चूल फुस्स करून विझली. आई न्हाऊन लुगडं नेसून बाहेर आली, ओल्या राखेकडे तिने पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं, तोच मागे धप्प असा आवाज झाला. पायाशी मुरलेल्या पाण्याने बाहेरची भिंत बसली होती. आई जिथे पाटावर बसली होती तिथे आता विटांचा ढीग होता आणि वरून ऊन येत होतं.

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. ते ढिगाऱ्यापाशी गेले, खाली वाकून दबलेला पाट ओढून पाहू लागले, तो निघेना. मग तिथेच मातीत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी पिशवी उचलली आणि आईकडे न बघता म्हणाले, "मामी, मी येत नाही आता." जेवलेही नाहीत. सणाच्या दिवशी जावई उपाशी दारातून गेला.

पुढच्या रविवारी भोंगा वाजला, मोटार गेली, कुणी आलं नाही. त्याच्याही पुढच्या रविवारी नाही. मी मनसोक्त अंग टाकलं. पण झोप काही लागेना. आई दर रविवारी पोळ्या जास्तीच्या करी आणि संध्याकाळी गाईला घाली. शेवटी ती म्हणाली, "जाय, त्यायले घेऊन ये."

मेडशीला भाऊजींच्या घरी मी शकूताई गेल्यापासून कधी गेलो नव्हतो. पाहिलं तर दाराची एक फळी निखळून सुंभाने बांधलेली, खिडकीला पोतं, कवेलू घसरून आढ्याशी भगदाड पडलेलं. दर रविवारी हातोडी घेऊन मोटारीने आमच्याकडे येणाऱ्या माणसाने आपल्या घरात एक खिळा ठोकला नव्हता. माझी नजर फिरताना बघून ते ओशाळून हसले. "इथं कोनासाठी करू मास्तर?" म्हणाले.

मी त्यांना घेऊन आलो. ते पिशवी उचलू लागले तेव्हा मी ती उचलू दिली, पण घरी आल्यावर आईने ती त्यांच्या खांद्यावरून स्वतः काढून घेतली आणि आत ठेवून आली. मग समोर बसून म्हणाली, "बापू, या घरी यायले काही मोडलेलंच पाह्यजे काय? शकू गेली म्हून तुमी माहे जवाई नाही राह्यले, असं कोन म्हनलं तुमाले?"

हातात काही नसल्यामुळे भाऊजींना हातांचं काय करावं ते समजेना. कधी गुडघ्यावर ठेवत, कधी मांडीखाली घेत. शकूताई गेल्यापासून तिचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं. ते असं आज घेतलं गेलं.

मग भाऊजीच हळूच म्हणाले, "मी तिले एक पोळपाट करून देल्ला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी. गोल झाला नाही तो. तीन कोन पडले त्याले."

"मग?" आईने विचारलं.

"ते रागावली नाही. तीन कोनाची पोळी केली, मले वाढली, अन् म्हने, नवऱ्यानं असा पोळपाट केला तर बायकोनं गोल पोळी करून त्याचा अपमान कायले करावा?"

आई हसली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, खांदे हलेपर्यंत. शकूताईच्या बोलण्याची ढब तशीच होती, अगदी तशीच. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आनखी सांगा बापू. आनखी काय म्हने ते?"

भाऊजी सांगत गेले. शकूताईचं ते दीड वर्ष मेडशीत कसं गेलं ते आम्हाला त्या दिवशी कळलं. उन्हं कलली, संध्याकाळच्या मोटारीचा भोंगा वाजला. भाऊजी सवयीने उठायला लागले. आईने फक्त बसा असा हात केला, ते पुन्हा बसले, आणि मी न सांगताच उठून त्यांच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलं.