सासूचा कोट

आल्विना टॉलेफसन हाडापेराने चांगली थोराड बाई. नवऱ्याचे बूट तिच्या पायात बसायचे, आणि पुष्कळदा तीच ते घालून बसलेली असायची. पण मनगटाच्या पुढे देवाने हात आखडता घेतला होता. पंजे लहान मुलीसारखे, एवढेसे. म्हणूनच तर लीलंडने तिला पसंत केली, असं आमच्या खोऱ्यात सगळे म्हणायचे. शाळेच्या हॉलमध्ये नाच होता, तिथे तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला, ते "हात बघू तुझा."

तिला वाटलं, भविष्य सांगतोय. तर हा म्हणाला, "पहिलारू कालवडीला काही त्रास होणार नाही या हाताचा."

एवढ्यावर लग्न ठरलं.

"लग्न माझ्याशी केलंस की माझ्या हातांशी?" ती पुढे जन्मभर विचारायची.

"हातांशी. तू त्यांच्या मागोमाग आलीस," तो म्हणायचा.

मोंटानातला हा आमचा मुलूख म्हणजे घळीमागे घळ. जमीन अशी फाटलेली की हरवलेली गाय समोरच्या कड्यावर दिसते आणि तिच्यापाशी पोचेपर्यंत दुपार होते. मार्च लागला की गाई व्यायला लागतात, आणि नेमका तेव्हाच बर्फही दाराशी येतो. कालवड अडली की आल्विना बाही वर करायची, साबण लावून खांद्यापर्यंत हात आत घालायची, दुमडलेला पाय चाचपून सरळ करायची आणि ओरडायची, "ओढ आता! हळू रे, दार नाही उघडायचंय!" शेजारीपाजारीही तिला न्यायला येत. येताना तिच्या घरी एखादा केक पोचवत, कारण गोठ्यात गेलेली बाई रात्रीचं जेवण कधी करणार?

लीलंडचं कसब निराळं. त्याला गाई तोंडावरून ओळखू यायच्या. सगळ्या लाल अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या; परक्याला एकीची दुसरी वाटावी. कानातल्या बिल्ल्यांकडे तो बघायचा नाही. "नंबर पाहुण्यांसाठी असतात," म्हणायचा. कुठली कुणाची लेक, कुणाची आजी वासराला लाथाडायची, सगळं पाठ.

मग त्याचं डोकं विसरायला लागलं. आधी शब्द गेले, मग गावाचा रस्ता गेला, आणि नाताळात लेक घरी आली तेव्हा टोपीला हात लावून तिला त्याने विचारलं, "गाडी बंद पडली का तुमची?"

लेक म्हणजे कॉरिन. बिलिंग्ज शहरात असते. भांडी विसळता विसळता तिने आईपाशी विषय काढला.

"आई, आमच्याकडे एक चांगली जागा आहे अशा माणसांची. मी रोज जाईन ना बाबांकडे."

"गाई ओळखतोय अजून."

"मला नाही ओळखलं त्यांनी."

"तू गाय नाहीस."

कॉरिन खदखदून हसली आणि हसता हसता रडली. शेवटी ठरलं ते आल्विनानेच ठरवलं. गाई ओळखतोय तोवर तो घरी. "ज्या दिवशी गाईत चुकेल, त्या दिवशी मी आपण होऊन फोन करीन. तुला विचारावं लागणार नाही."

मार्च आला तेव्हा ती रोज त्याच्याकडे चोरून बघत होती. तो कळपातून चालायचा, एकेकीच्या तोंडाला हात लावायचा, पुटपुटायचा. ती मुद्दाम विचारायची, "ही कुणाची रे?" आणि उत्तर बरोबर आलं की परीक्षा आपणच पास झाल्यासारखी घराकडे वळायची.

त्या आठवड्यात वादळ झालं. एक गाय घळीतल्या बर्फावरून घसरून मेली आणि तिचं वासरू मागे उरलं. त्याच सकाळी गोठ्यात दुसरी एक गाय अडली, आल्विनाने सकाळभर खटपट करून वासरू ओढून काढलं, पण ते मेलेलं आलं. इकडे आईविना पोर, तिकडे पोराविना आई. पण गाय परकं वासरू घेत नाही. वास घेते आणि उडवून लावते. मग आमच्याकडे मेलेल्या वासराचं कातडं सोलायचं, पायांना भोकं ठेवायची आणि अंगरख्यासारखं ते पोरक्या वासराच्या अंगावर सुतळीने बांधायचं. गाय शेपटीशी हुंगते, आपलंच म्हणते, पाजते. चार दिवसांनी तिचं दूध वासराच्या अंगातून फिरलं की त्याला तिचाच वास येतो. मग कातडं कापून टाकलं तरी चालतं.

सोलायचं काम लीलंडचं. सुरी त्याच्या हातात पाण्यासारखी फिरली. एक छेद वाकडा नाही. आल्विना बघत उभी राहिली आणि मनात म्हणाली, ये म्हणावं कॉरिनला, बघ म्हणावं. कातडं बांधून झालं. वासराला ऊब यावी म्हणून ती चीक गरम करायला घरात गेली. तेवढाच वेळ.

परत येताना तिने हंबरडा ऐकला.

जिचं वासरू मेलं होतं ती गाय आपल्या खणात फळ्यांवर डोकं आपटत होती. तिला आपल्या पिल्लाचा वास येत होता, पण तो पलीकडच्या खणातून. पलीकडे थोराड, आडदांड, अजून व्यायचीच असलेली गाय होती. तिने वासराला भिंतीशी चेंगरून टाकलं होतं. कातड्याचा अंगरखा फाटून लोंबत होता आणि आतलं वासरू हलत नव्हतं. लीलंड त्याच खणात कोपऱ्यात उभा, हातात सुरी.

"घेईना," तो म्हणाला. "स्वतःचं असून घेईना. ही कसली आई?"

"लीलंड, ती ही नव्हे."

"कोण नव्हे?"

"गाय, रे. ती पलीकडची."

त्याने या गाईकडे पाहिलं, त्या गाईकडे पाहिलं. दोन्ही तोंडं त्याला पांढरी दिसत होती, बस. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, तसंच.

"बाई, तुम्ही कुणाच्या?"

ती फाटक उघडून पुढे झाली तर तो घाबरून मागे सरला, गाईच्या अगदी अंगावर. गाय फुरफुरली. अजून एक पाऊल मागे गेला असता तर तीच गत त्याची. आल्विना थांबली. हाक मारावी तर आता त्याची कोण म्हणून?

गोठ्याच्या खुंटीवर सासूचा, रॅग्नाचा, कोट लटकत होता. म्हातारी जाऊन किती वर्षं झाली, पण तो कुणी हलवला नव्हता. रॉकेल, दूध आणि मलमाचा वास त्याच्या धाग्याधाग्यात. आल्विनाने तो अंगात घातला आणि हात पुढे केला. लीलंडने हुंगल्यासारखं केलं. सुरी खाली पडली. तो बाहेर आला आणि तिच्या बाहीला बिलगून गवताच्या गंजीवर बसला. पलीकडे गाईचं डोकं फळ्यांवर आपटत होतं, ते आपटतच राहिलं.

"आई," तो म्हणाला, "नाचाला एक मुलगी भेटली. हात एवढेसे आहेत तिचे."

आल्विनाने हात बाहीत ओढून घेतले.

"मग? आणणार का तिला घरी?"

"तू हो म्हणशील?"

"म्हणेन की. पण खाते फार, असं ऐकलंय."

तो हसला. तसा तो कित्येक महिन्यांत हसला नव्हता. "खाऊ दे," म्हणाला. "चांगली आहे ती."

मग तिने त्याला आत नेऊन निजवलं आणि फोन केला. कॉरिन काहीतरी विचारत होती, आल्विना एवढंच म्हणाली, "गाईत चुकला."

रस्ता मोकळा झाल्यावर कॉरिन गाडी घेऊन आली. आईकडे बघून म्हणाली, "आजीचा कोट का घातलायस?"

"थंडी वाजते."

तो कोट शेजारी बसला तेव्हाच लीलंड गाडीत चढला. बिलिंग्जच्या त्या जागी त्याची खोली नीट होती. खिडकीतून दुसरी खिडकी दिसायची. बाही मुठीत धरून तो झोपला, ती सोडवेना. शेवटी आल्विनानेच हळूच आपले दंड कोटातून काढून घेतले आणि कोट त्याच्यापाशी राहू दिला. निघताना तिथे कामाला असलेल्या मुलीने तिला हात धुवायला लावले. गुलाबाच्या वासाचा साबण होता.

घरी आली तेव्हा ती गाय अजून फळीशीच उभी होती. कास दगड झाली होती. आल्विनाने तिला खोड्यात अडकवलं आणि दूध काढून जमिनीवर सोडलं. प्यायला कोणी नव्हतं. मोकळं केल्यावर गाय वळली. आल्विनाने तिच्यापुढे हात धरला, तिच्या वासराला ओढून काढायला ज्यांनी त्या दिवशी सकाळभर धडपड केली होती तेच हात.

गाईने ते हुंगले आणि तोंड फिरवलं.